फोटोची जागा

बाबासाहेबांना सीटबेल्ट लावल्याशिवाय लीलावती गाडी हलू देईना.

अजयने आधी फोटो गाडीच्या बूटमध्ये, म्हणजे डिकीत, ठेवून बघितला होता, ब्लँकेटात गुंडाळून, अगदी जपून. त्यावर त्याची आई एवढंच म्हणाली, "बूटमध्ये तू बस. गाडी मीनल चालवेल."

मग फोटो मागच्या मधल्या सीटवर बसला. त्याच्या एका बाजूला पांढऱ्या साडीवर नेव्ही ब्लू कार्डिगन घातलेली लीलावती आणि दुसऱ्या बाजूला अजयची मोठी बहीण वैजयंती. ती काल एडिनबराहून ट्रेनने आली होती आणि आज सकाळी चाळीस मिनिटं लाउंजच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या झेन ग्रुपमध्ये तसंच बसतात. तिचं बसणं होईपर्यंत सफाईचा हूवर फिरवता आला नाही, म्हणून अजयच्या बायकोचा, मीनलचा, दिवस उजाडताच वीस मिनिटं मागे पडला होता. आता ती पुढच्या सीटवर मांडीवर टॉवेल, टॉवेलवर खिरीचं पातेलं आणि पातेल्यावर दोन्ही हात अशी बसली होती. ब्रॅकनेलमधले राउंडअबाउट्स तिने इतक्या भक्तिभावाने कधी मोजले नव्हते.

"भिंतीकडे बघून दिसतं काय गं?" मोटरवे लागल्यावर लीलावतीने लेकीला विचारलं.

"भिंत," वैजयंती म्हणाली.

"बरं आहे. आमच्या वॉर्डात पेशंट भिंतीकडे बघत बसला की मी डॉक्टरला बोलवायची."

मीनलला हसू आलं आणि खीर हिंदकळली. भीतीही होती, पण आज सगळ्यांच्या अंगात जी लहर संचारली होती ती तिच्याही होती. उद्या लेकीचं, मालविकाचं, लग्न. बुधवारी कौन्सिलच्या ऑफिसात सह्या झाल्याच होत्या. उद्या केंब्रिजजवळच्या हॉलमध्ये खरा सोहळा. आणि आज नवऱ्या मुलाच्या, रुवनच्या आईने, सोमाने, त्यांच्या सिंहली विहारात दोन्ही घरांच्या वतीने भिक्खूंना दान ठेवलं होतं. दान म्हणजे जेवण, आणि ते बाराच्या आत संपलं पाहिजे. बारानंतर भंते घास घेत नाहीत. गाडीतल्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

या लग्नाची गाठ पहिल्यांदा अडली ती भंतेंवरूनच. दोन्ही घरं बौद्ध म्हटल्यावर अजयला वाटलं होतं, चला, एक तरी गोष्ट सोपी. मग कळलं की सिंहली भिक्खू लग्न लावत नाहीत. लग्नाला येतही नाहीत. ज्यांनी घर सोडलं त्यांनी दुसऱ्यांची घरं कशी मांडून द्यायची, असं त्यांचं साधं म्हणणं. लीलावतीला हे ऐकूनच धक्का बसला. नागपूरला भंते किंवा बौद्धाचार्य उभे राहून त्रिशरण-पंचशील देतात, तेव्हा कुठे लग्न लागतं. "मग यांच्याकडे लावतं कोण?" तिने विचारलं होतं. त्यावर मालविकाने केंब्रिजच्या लॅबमधून फोनवर सांगून टाकलं, की आजी देईल पंचशील. आजीने नाही दिलं तर मला कोणाचंच नको.

लीलावतीने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी तिने पांढरी साडी इस्त्रीला काढली. अट एकच घातली. मुहूर्त नको आणि देव नको. सात वर्षांची असताना ती बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेली होती. बावीस प्रतिज्ञा तिने लाखो लोकांच्या आवाजात ऐकल्या होत्या. त्यातली एकही तिने या देशात पन्नास वर्षांत सैल होऊ दिली नव्हती.

"तसलं काही नाही, आई," अजय म्हणाला होता.

उद्याची वेळ दहा बेचाळीस आहे, हे ऐकून तिने भुवया उंचावल्या होत्या. हॉलवाल्यांचं फायर सेफ्टीचं काहीतरी आहे, असं अजयने सांगितलं. एनएचएसमध्ये नर्स म्हणून बत्तीस वर्षं काढलेल्या बाईचा हेल्थ अँड सेफ्टीच्या नावावर कशावरही विश्वास बसतो. तिचाही बसला.

मीनल तेव्हा भांडी पुसत होती. तिने एकच ताट दोनदा पुसलं होतं.

*

विहार म्हणजे एका टाउनच्या टोकाची जुनी स्काउट हट होती, पण आत शिरलं की ते विसरायला होई. शूज काढायचा पोर्च, मग मोठी खोली, समोर पांढराशुभ्र बुद्ध, फुलांची ताटं, आणि किचनमधून येणारा नारळाच्या दुधाचा वास. लीलावतीने आल्या आल्या फोटो छातीशी धरला, थेट पुढे गेली आणि बुद्धाच्या शेजारी ठेवला. घरी, नागपूरला, लंडनच्या जयंतीला, सगळीकडे तो तिथेच असतो. तिने हात जोडले आणि खिरीच्या वाट्या मोजायला किचनमध्ये गेली.

सोमाने ते लांबून बघितलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

त्या निळ्या सुटातल्या, चष्मा लावलेल्या माणसाबद्दल तिच्या मनात अनादर नव्हता, उलटच होतं. रुवनने तिला सगळं सांगितलं होतं. ज्या भारतात बुद्धाचं नाव पुसत आलं होतं, तिथे या एका माणसाने लाखो लोकांना एका दिवसात परत आणलं. सोमाला त्या रात्री झोप आली नव्हती. लंकेत जन्मलेल्या माणसाला बुद्ध आपोआप मिळतो, पाण्यासारखा. यांना तो असा मिळवावा लागला.

पण वेदीवर फक्त बुद्ध. इथे तीस वर्षं राबलेल्या मोठ्या भंतेंचा फोटोही तिथे कधी गेला नव्हता. आणखी दहा मिनिटांत विहार कमिटीतलं कोणीतरी येईल, आणि काही न विचारता हा फोटो उचलून खिडकीत ठेवेल, ट्यूलिपच्या कुंडीशेजारी, किंवा त्याहून वाईट, पोर्चमध्ये. मुलीकडचे आल्या आल्या दुखावले जातील. छे. त्याला मानाचीच जागा पाहिजे.

सोमाने खोलीभर नजर फिरवली. उजव्या कोपऱ्यात लाल पडदा होता. पडद्याआड, लंकेतल्या विहारांत असतात तसे, बुद्धशासनाचे रक्षक देव. धम्माचं रक्षण केलेल्या माणसाला याहून योग्य जागा कोणती?

तिने फोटो दोन्ही हातांनी उचलला. पदराने काच पुसली. पडद्याआड, निळ्या विष्णूच्या उजव्या हाताला, जिथे उजेड सगळ्यात चांगला येतो तिथे, ठेवला. समोर पांढरी शेवंती वाहिली, नवा दिवा लावला आणि डोळे मिटून आपल्या पुण्याचा वाटा त्या माणसाला दिला. मग हलक्या पावलांनी किचनमध्ये गेली. तिच्या दृष्टीने आजचं सगळ्यात नाजूक काम निर्विघ्न पार पडलं होतं.

*

मालविका काडेपेटी शोधत त्या पडद्यापाशी आली.

"ओ माय गॉड," ती म्हणाली. तो समोरच होता.

तिने रुवनला बोलावलं. रुवनने आत बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की त्याला यात काही वावगं दिसत नाहीये. उलट आपल्या आईने एवढी फुलं वाहिली म्हणून तो खूश झाला. तिने त्याला घाईघाईत कुजबुजून समजावलं. ज्या देवांना आम्ही सोडलं, त्यातलं हे दुसरं नाव. प्रतिज्ञांमध्ये नाव घेऊन आहे. पहिल्यातच. रुवनचा रंग उतरला.

मग मीनल आली. तिच्यामागून अजय आणि वैजयंती. पडद्याआड पाचजण दाटीवाटीने उभे राहिले, लिफ्टमध्ये उभे राहतात तसे, आणि सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागले. अजयचं म्हणणं पडलं की फोटो गाडीत नेऊन ठेवू आणि आईला सांगू की काचेला तडा गेलाय. मीनल म्हणाली, काचेला तडा नाहीये. अजय म्हणाला, पाडता येईल. वैजयंती म्हणाली की एवढं घाबरण्यासारखं यात काही नाही, शेवटी सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात.

"एकाच ठिकाणी जातात तर आम्ही नागपूरला काहून गेलो होतो?"

लीलावती पडदा धरून उभी होती. रागात आली की तिच्या तोंडात पन्नास वर्षं मागचं नागपूर परत येतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वैजयंतीने मान खाली घातली. 

*

लीलावतीने आधी फोटो बघितला, मग त्याच्या शेजारचा निळा रंग, मग दिवा. दिव्याची वात नवी होती. काच पुसलेली होती. बत्तीस वर्षं वॉर्ड चालवलेल्या बाईला कोणतं काम उरकलेलं आणि कोणतं मनापासून केलेलं, हे चादरीच्या कोपऱ्यावरून कळतं. हे मनापासून केलेलं होतं. त्याचाच तिला जास्त राग आला, कारण त्यामुळे नीट रागावताही येईना.

तिचा बाप गिरणीत होता. दीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्याने घरातले देव टोपलीत भरले आणि नदीत सोडून आला. परतताना रिकामी टोपली डोक्यावर पालथी घालून आला होता. आई म्हणाली, कसं वाटतंय? तो म्हणाला, हलकं. लीलावतीला त्या दिवसातलं फारसं आठवत नाही, टोपली मात्र आठवते.

सोमा धावत आली. हातात पळी होती. तोवर रुवनने तिला काहीतरी सांगितलं असावं, कारण तिचे डोळे भरले होते. ती इंग्लिशमध्ये बोलायला लागली, मध्ये मध्ये सिंहली शब्द येत होते, आणि वाक्यं पूर्ण होत नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं की हा अपमान नाही. आम्ही यांना शरण जात नाही, शरण फक्त बुद्धाला, धम्माला, संघाला. हे फक्त राखण करतात. हे बुद्धाच्या खालचे.

"खालचे म्हणजे?" लीलावतीने विचारलं.

सोमाने शब्द शोधला. "सिक्युरिटी, आंटी. डोअरवर उभे असतात तसे."

लीलावतीने त्या निळ्या मूर्तीकडे बघितलं. मूर्तीचा चेहरा गोल, जरासा कंटाळलेला होता, नाइट ड्यूटीवरच्या पोर्टरसारखा.

"ज्याच्या देवळाची पायरी माझ्या बापाला चढू दिली नाही," ती सावकाश मराठीत म्हणाली, "तो तुमच्याकडे बुद्धाच्या दाराशी पहारा देतो?"

मालविकाने भाषांतर केलं. सोमाने घाबरत मान हलवली, हो.

आणि लीलावती हसली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. तिने भिंतीचा आधार घेतला. मालविकाने आजीला असं हसताना आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. मग सोमाही हसायला लागली, नेमकं कशाला ते न कळता, रडू येता येता हसू यावं तसं. लीलावतीने फोटो स्वतः उचलला. "माझ्या माणसाला मात्र इथे ड्यूटी नको," ती सोमाला इंग्लिशमध्ये म्हणाली. "तुम्ही दिवा लावलात. तो मला पोचला. पण हा माझ्यासोबत बसेल."

तिथेच सगळं निभावलं असतं. पण सुटका झालेला माणूस फार बोलतो, आणि सोमा तशी सुटली होती. लीलावतीचा हात हातात घेऊन ती सांगायला लागली, की तिला किती भीती वाटत होती, उद्याच्या शुभवेळेबद्दल अजयभाईंनी किती समजून घेतलं, कॅन्डीच्या ज्योतिषाने दोन्ही पत्रिका मांडून बरोब्बर दहा बेचाळीस काढलं, आणि मालविकाची जन्मवेळ अजयभाईंनी लगेच व्हॉट्सॲपवर पाठवली, अगदी मिनिटासकट.



मालविका जन्मली तेव्हा लीलावती त्या खोलीत होती. ते मिनिट तिनेच घड्याळात बघून कागदावर लिहिलं होतं.

तिने मुलाकडे पाहिलं. "फायर सेफ्टी," ती म्हणाली.

आणि तेवढ्यात घंटा वाजली. अकरा दहा. भंते येत होते.

*

दान सुरू होण्याआधी सगळ्यांना पंचशील दिलं जातं. इथे तरी नागपूर आणि लंका एकाच ओळीत बसत होती. मोठे भंते सत्तरीचे, बारीक, कानाला हिअरिंग एड लावलेले. त्यांनी समोर बसलेल्या मंडळींवरून नजर फिरवली आणि ती लीलावतीच्या मांडीवरच्या फोटोपाशी थांबली. त्यांनी विचारलं, हे कोण?

"यांनी आम्हाला धम्म दिला," लीलावती म्हणाली.

भंते म्हणाले की त्यांना माहीत आहे, नावही माहीत आहे. पण त्यांना तिच्याकडून ऐकायचं होतं. मग त्यांनी डाव्या भिंतीवरचा एक जुना फोटो दाखवला. ते त्यांचे गुरू. तेही वेदीवर नाहीत. या घराची रीत तशी आहे.

"आमच्या घराची तशी नाही," लीलावती म्हणाली. "आमच्याकडे दोघं शेजारी असतात."

"मग तुमच्या घरी तसंच असावं," भंते म्हणाले. "दोन्ही रिती एकच आहेत, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते खरं होणार नाही. भिंतीवर जागा आहे. मांडीवरही चालेल."

"मांडीवर बरं आहे."

भंतेंनी मान लवून ते मान्य केलं, आणि पाली सुरू झाली. मालविका आजीच्या शेजारी बसली होती. सिंहली चाल तिच्या कानाला खूप संथ होती, शब्दांना झोके देणारी. आजीची नागपुरी चाल मार्चिंगसारखी. आजी दर ओळीला अर्धा श्वास आधी पोचत होती आणि थांबून वाट बघत होती. पहिलं शील. दुसरं. तिसरं. मालविकाला छातीत काहीतरी फुलून आल्यासारखं झालं. उद्या याच शब्दांत तिचं लग्न लागणार होतं.

चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि शेजारचा आवाज बंद झाला.

तिने वळून पाहिलं. आजीचे हात जोडलेले होते, ओठ मिटलेले. सगळी खोली म्हणत होती. आजी नाही. पाचव्याला आवाज परत आला.

त्यानंतर घड्याळाशी शर्यत होती. नारळाच्या दुधातला किरीबात, परिप्पूची डाळ, सांबोळाची चटणी, खीर. ताटं हातोहात पुढे जात होती, सोमा आणि मीनल एकमेकींच्या मागे पळत होत्या, वैजयंती पाणी देत होती, आणि अजयला सगळीकडून बाजूला हो म्हणत होते. भंतेंनी खीर दोनदा घेतली. बाराला चार मिनिटं असताना त्यांनी वाटी पालथी ठेवली. बाकीचेही जेवून उठले, तेव्हा मालविकाने आजीकडे पाहिलं. आजी जेवलीच नव्हती.

*

पोर्चमध्ये शूजच्या रॅकसमोर एक बाक होता. लीलावती त्यावर बसून शूज चढवत होती. लेस बांधायला वेळ लागत होता, आणि कोणाची मदत करायची हिंमत नव्हती. फोटो शेजारी उभा होता. मीनल आली. तिच्या पाठोपाठ अजय, वैजयंती, मालविका आणि रुवन कसेबसे आत मावले, आणि मीनलने दार ओढून घेतलं.

"माझा आयडिया होता," मालविका म्हणाली. "डॅडचा नाही. मी डॅडला सांगितलं की तू ऐकणार नाही, म्हणून असं सांगू. मला वाटला की तू येणारच नाही."

"आले नसते," लीलावती म्हणाली. "कदाचित. पण ते मला ठरवायचं होतं."

अजयने सुरुवात केली की आई, तुला त्रास नको म्हणून. तिने हात वर केला, आणि पन्नाशी ओलांडलेला, टीममध्ये चाळीस माणसं असलेला अजय गप्प झाला.

"त्या बाईनं जे केलं ते उघड केलं," ती म्हणाली. "आपल्याला पटो न पटो, दिवा लावून केलं. तुम्ही मला गुंडाळलं. ब्लँकेटात घालून बूटमध्ये ठेवलं. मी उद्या हॉलमध्ये उभी राहून पोरांना सांगू, खोटं बोलू नका, आणि तुम्ही सगळे मागे उभे राहून घड्याळ बघणार? माझ्याच्यानं नाही होत. दुसरं कोणी बघा."

 रुवनने मालविकाचा हात धरला. मराठी त्याला कळत नव्हतं, पण हे कळलं.

मीनलने टॉवेलची घडी घातली. मग ती उलगडली. अठ्ठावीस वर्षांत सासूबाईंसमोर तिने आवाज चढवला नव्हता; आताही चढवला नाही.

"आई, खोट्याचंच म्हणत असाल तर माझंही एक आहे."

"मीनल, आत्ता नको," अजय म्हणाला. त्यालाही माहीत होतं तर.

"मी लग्न करून आले तेव्हा तुम्ही म्हणालात, घरात देव नको. मी हो म्हणाले. मला मान्य होतं, तुम्ही तसं का म्हणता तेही कळलं होतं. पण पुण्याहून निघताना आईनं बॅगेत पितळेचा गणपती घातला, एवढासा, आणि मला तो टाकवला नाही. बॉयलरच्या एअरिंग कबर्डमध्ये आहे. टॉवेलांच्या मागे." तिचा श्वास संपला. "अठ्ठावीस वर्षं."

 आतून भांडी विसळल्याचा आवाज येत होता.

"वरच्या फळीवर होता," लीलावती म्हणाली. "तिथे पाइप गळायला लागला तेव्हापासून खालच्या."

मीनलने तिच्याकडे बघितलं.

"दरवर्षी बॉयलरवाला सर्व्हिसिंगला येतो. टॉवेलं कोण काढतं? तू ऑफिसात असतेस. त्याचा पाना लागून ठोकर बसेल म्हणून मीच उचलून बेडवर ठेवते. मग परत जागच्या जागी, तोंड तुझ्या बाजूला करून." तिने लेसची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "सप्टेंबरात त्या कबर्डातून गुळाचा वास येतो. मी नर्स आहे, मीनल. माझं नाक मेलेलं नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर नाही म्हणावं लागलं असतं."

ते वाक्य बोलून झाल्यावर लीलावती स्वतःच थांबली. जणू ते दुसऱ्या कोणी म्हटलं होतं आणि तिला आता त्याचं उत्तर द्यायचं होतं. तिने एकेकाकडे पाहिलं. वैजयंतीकडे, जी गेली दहा वर्षं सांगत आली होती की ती अजून प्रतिज्ञा म्हणते. अजयकडे. मग फोटोकडे, आणि त्या काचेत दिसणाऱ्या पांढऱ्या साडीकडे.

"म्हणजे मीही," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं. आणि वर त्या बाईच्या विहारात तोंड मिटून बसले, जसं काही बाकीच्यांनीच केलं."

वैजयंतीने नाक ओढलं. "आई, मी प्रतिज्ञा म्हणत नाही. नुसती बसते."

"ठाऊक आहे. भिंतीकडे." लीलावतीने बाकावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, मग विचार बदलून दोन्ही शूज काढून टाकले. "चला. आत भंते आहेत, पण त्यांना आता विश्रांती घेऊ द्या. हे आपल्या घरातलं आहे, इथेच उरकू. एकच घ्यायचं. चौथं."

दार किलकिलं झालं. सोमा होती, हातात लीलावतीसाठी झाकून आणलेलं ताट. सगळे हात जोडून शूजच्या रॅककडे तोंड करून उभे आहेत, हे बघून ती गोंधळली. मग तिने ताट बाकावर ठेवलं आणि काही न विचारता रांगेत उभी राहिली.

लीलावतीने सुरुवात केली. आज तिची चाल मार्चिंगची नव्हती. ती सोमासाठी थांबत थांबत म्हणत होती, आणि सोमा तिच्यासाठी जरा घाई करत होती, त्यामुळे मध्येच कुठेतरी दोघींची गाठ पडली. मुसावादा वेरमणी. अजयचा आवाज मागून आला, शाळेत उभं केलेल्या मुलासारखा. मीनलला हे शब्द अठ्ठावीस वर्षं ऐकून पाठ होते. पण ते स्वतःसाठी म्हणताना जीभ अडखळली. रुवन स्पष्ट म्हणाला. मालविकाचं रडणं आणि शब्द एकत्र आले.

 आताच घेतलेलं शील मोडायची सगळ्यांना धास्ती होती. अजयने सोमाला सांगितलं, की जेवण छान होतं, आणि लगेच घाईने पुढे म्हणाला की सांबोळ जरा तिखट होतं. सोमा म्हणाली, मुद्दाम केलं होतं. इंडियन्सना तिखट चालतं असं तिला वाटलं होतं.

"तो गणपती," मीनल हळूच म्हणाली.

"टॉवेलामागून काढ. लाउंजमध्ये नको, तिथे मी असते. तुझ्या खोलीत ठेव." लीलावतीने ताटावरचं झाकण काढलं. "मी हात जोडणार नाही. पण खोलीचं दार लावून घेऊ नकोस."

मीनलने मान हलवली. तिला एवढं पुष्कळ होतं. इतकं, की तिने वळून कोटांच्या हुककडे बघितलं.

"आणि उद्या?" मालविकाने विचारलं. "आजी, उद्या तू देशील?"

लीलावतीने किरीबातचा घास घेतला. चावला. दुसरा घेतला. तिला भूक लागली होती, हे आत्ता तिच्या लक्षात आलं. सोमा, रुवन, अजय, सगळे तिच्या जबड्याकडे बघत उभे होते.

"फोटो बुद्धाशेजारी राहील. हॉल भाड्याचा आहे, तिथे कोणाच्या विहाराची रीत नाही," ती म्हणाली. "त्यांनी त्यांचा दिवा लावावा, मी बाजूला उभी राहीन. आणि वेळेचं." ती थांबली. "ग्रहांनी वेळ काढली, हे मी मानत नाही. मरेपर्यंत मानणार नाही. पण सोमाला ती वेळ पाहिजे, आणि तिनं माझ्यापासून ती लपवली नाही."

तिने मनगटावरचं घड्याळ सोडलं, मीनलच्या हातात दिलं आणि परत ताट जवळ ओढलं.

"उद्या मी घड्याळ घालणार नाही. तुम्ही बोलवा. मी उठेन आणि देईन."

सोमाने मालविकाच्या बाहीला धरून विचारलं, काय म्हणाल्या त्या? मालविकाने सांगायला तोंड उघडलं, पण तोवर लीलावती बाकावर सरकली होती आणि सोमाला शेजारी बसायला जागा करून देत होती.